पोंग्यातली अळी आणि साखरेच्या गोळ्या

नागपंचमीच्या आगेमागे माझ्या टपालात मकाच मका असतो. पीक गुडघ्याला लागतं, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अमेरिकन लष्करी अळीचा भुसा दिसायला लागतो आणि लोक पत्र लिहायला बसतात. यंदा निवडलेल्या पाच पत्रांपैकी चारांत होमिओपॅथी निघाली, म्हणून ही पानं त्यालाच दिली. कांद्याच्या रोपवाटिकेबद्दल ज्यांनी विचारलं त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात पहिला नंबर त्यांचा.

प्रश्न : काका, राम राम. येवला तालुक्यात माझा अडीच एकर मका आहे, पेरणी २८ जूनची. पोंगे कुरतडलेले दिसतात, आत भुशासारखी घाण. गेल्या वर्षी तीन फवारण्या केल्या. तिसऱ्या वेळी धाकट्या भावाला चक्कर आली, उलट्या झाल्या, रात्र दवाखान्यात काढली. आई म्हणते, ते विष आता घरात आणायचं नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलंय की होमिओपॅथीची सिलिसिया २०० ही बाटली घ्या, पंधरा लिटरच्या पंपाला वीस थेंब टाका, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा, अळी मका सोडून जाते. खाली दहा-बारा जणांनी 'अनुभव चांगला' असं लिहिलंय. खर्चही काही नाही. करून बघू का?

उत्तर : भाऊ आता बरा आहे ना, ते लिहायचं राहिलं तुमच्याकडून. म्हणून मी आधी फोन केला आणि बरा आहे हे ऐकल्यावरच पुढचं बोललो. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण अंक हातात पडेपर्यंत तुमचा मका कमरेला लागलेला असेल.

तुमच्या आईचं भय खोटं नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा मी कृषी खात्यात पर्यवेक्षक होतो. वाढलेल्या पिकात पंप घेऊन शिरणं म्हणजे काय, हे त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राला कळलं. तेव्हा बिनविषारी काही मिळतंय का, असं विचारणाऱ्याला मी हसणार नाही.

आणि सिलिसियाला तर मुळीच हसणार नाही. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे बाराक्षाराची लाकडी पेटी होती. बारा बाटल्या, बारा बुचं, झाकणाच्या आत चिकटवलेली यादी. संध्याकाळी ओट्यावर गाव जमायचं. ताप आला, फेरम फॉस. पोटात कळ, मॅग फॉस. बाभळीचा काटा मोडून आत राहिला किंवा गळू पिकत नाही, सिलिसिया. आम्ही पोरं उगीच लंगडत जायचो, कारण गोळी गोड असायची. सांगायचा मुद्दा असा की ही बाटली माझ्या घरची आहे.

आता ती बाटली म्हणजे काय ते बघू. सिलिसिया म्हणजे सिलिका, म्हणजे शुद्ध वाळू. ती खलून खलून बारीक करतात आणि मग पातळ करत नेतात. बाराक्षाराच्या गोळीवर '६ एक्स' लिहिलेलं असतं तेव्हा दहास एक असं सहा वेळा पातळ केलेलं असतं, म्हणजे दहा लाखांत एक भाग. थोडी का होईना, वाळू आहे. तुमच्या २०० नंबरचा हिशेब वेगळा. तिथे दर पायरीला शंभरास एक, आणि अशा पायऱ्या दोनशे.

हे डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आपल्या नाथसागराचं माप घेऊ. जायकवाडी धरण काठोकाठ भरलं की साधारण १०२ टीएमसी पाणी. त्यात औषधाचा एक थेंब टाकून सगळं धरण ढवळलं, तर होमिओपॅथीच्या मापाने आपण आठव्या आणि नवव्या पायरीच्या मध्ये कुठेतरी येतो. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडेल की नाही, अशी स्थिती होते. तुमची बाटली दोनशेव्या पायरीवरची. तिच्यातले वीस थेंब तुम्ही पुन्हा पंधरा लिटर पाण्यात टाकणार.

'पण काका, अनुभव आहे ना लोकांना.' आहे. मलाही होता होता राहिला.

२०२१ च्या खरिपात, निवृत्त झाल्यावरचा माझा पहिला मका, कन्नड तालुक्यात, अर्धा एकर. थोरल्या वहिनींनी हीच बाटली आणून दिली आणि म्हणाल्या, भाऊजी, मास्तरांचा मुलगा असून तुम्हाला विश्वास नाही? मग मी सहा-सहा ओळींच्या बारा पट्ट्या पाडल्या. काहींवर सिलिसिया, काहींवर नुसतं विहिरीचं पाणी, काहींच्या पोंग्यात वाळू. फवारणीचे पंप भरले बायकोने. कुठल्या पंपात काय ते तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, मला सांगितलं नाही. प्रत्येक पट्टीत वीस झाडांना लाल दोरा बांधला आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तीच झाडं उघडून पाहिली.

चौदाव्या दिवशी एका पंपाच्या पट्ट्या बघून मी चाट पडलो. नवी पानं हिरवीगार, पोंगे साफ, अळी शोधावी लागत होती. मग दुसऱ्या पंपाच्या पट्टीत गेलो. तिथेही तेच! पहिली सिलिसियाची आणि दुसरी नुसत्या पाण्याची, हे कॅलेंडर उलटं केल्यावरच कळलं. त्या दिवशी पाण्याची पट्टी नसती, तर तुमच्या ग्रुपवर तेरावा 'अनुभव चांगला' माझाच असता.

हे कसं होतं? अळीचं आयुष्य बघा. अंड्यातून निघाल्यापासून दोन-तीन आठवडे ती खाते, सहा अवस्था पार करते आणि मग झाड सोडून मातीत दोन-तीन इंच खाली जाऊन कोष करते. आपल्याला ती दिसते कधी? पोंग्यात भुसा साचल्यावर, म्हणजे ती मोठी झाल्यावर. त्या दिवशी काहीही फवारा, देवाचं तीर्थसुद्धा. आठ-दहा दिवसांत ती आपली आपण जमिनीत उतरते. तोवर मका नवी पानं काढतो आणि शेत सुधारल्यासारखं दिसतं. त्यात एखादा जोराचा पाऊस आला तर पोंग्यात पाणी भरून बारक्या अळ्या बुडतात. एका पोंग्यात दहा अळ्या शिरल्या तरी शेवटी एक-दोनच उरतात, कारण ही जात एकमेकींना खाते. आणि 'अळी मका सोडून जाते' हे तर शब्दशः खरं आहे. ती कोष करायला जाते, आणि कोषातून निघालेली मादी पतंग हजार-दीड हजार अंडी घालू शकते.

आता वाळूच्या पट्ट्या. त्या मात्र सातव्या दिवशीच वेगळ्या दिसत होत्या. नऊ भाग कोरडी बारीक वाळू, एक भाग चुना, चिमूटभर थेट पोंग्यात. वाळू अळीच्या अंगाला घासते, तिचा खायचा कोपरा बुजवते, चुना तिला सोसत नाही. आफ्रिकेत २०१६ मध्ये ही अळी पोचल्यावर तिथल्या लहान शेतकऱ्यांनी माती, राख, वाळू असले उपाय मोठ्या प्रमाणावर केले, आणि आपल्याकडच्या शिफारशींतही वाळू-चुना आला आहे. म्हणजे तुमच्या ग्रुपवरच्या माणसाने वस्तू बरोबर सांगितली, माप चुकवलं. सिलिसियाच घ्या, पण दोनशेव्या पायरीची नको, मुठीतली घ्या.

मजुरीचं सांगतो. साठ बाय वीस सेंटीमीटरवर एकरी तेहतीस हजारांच्या वर झाडं बसतात. सगळ्या पोंग्यांत वाळू घालायची म्हटलं तर तीन बायांचा दिवस जातो आणि कंबर मोडते. म्हणून फक्त लागलेल्या झाडांत घाला, आणि पेरणीनंतर पहिल्या महिन्यातच. मका डोक्याच्या वर गेल्यावर हे काम होत नाही.

तुमच्या शेतात आज काय करायचं, ते फोनवर सांगितलं तसं: पाच ठिकाणी वीस-वीस झाडं मोजा. शंभरात पाचाच्या आसपास लागलेली असतील तर निंबोळी अर्क पाच टक्के, किंवा अॅझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम लिटरला ५ मिली. हवा दमट असेल तर मेटारायझियम रिलेई ही बुरशी लिटरला ५ ग्रॅम. हिलाच दुकानात नोमुरिया म्हणतात. ढगाळ हवेत ती उत्तम चालते, आणि मी स्वतः ऑगस्टमध्ये तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो. आकडा दहाच्या पुढे गेला आणि अळ्या लहान असल्या, तरच रासायनिक. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के लिटरला ०.४ मिली, किंवा स्पिनेटोरम ११.७ टक्के लिटरला ०.५ मिली. पुढची फवारणी लागलीच तर तेच औषध परत नको. नोझल पोंग्यावर धरायचं. पानांवर फवारा उडवून अळीला काही होत नाही, ती आत भुशाचं बूच लावून बसलेली असते.

आणि भावाला पुन्हा पंप देऊ नका, निदान यंदा. जो फवारेल त्याने वाऱ्याकडे पाठ, हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे. मधे तंबाखू मळायची नाही. विषबाधेच्या किती गोष्टी तंबाखूच्या चिमटीपाशी येऊन थांबतात, हे मी नोकरीत पाहिलंय. तुरा आल्यावर तर फवारणीच नको. पीक डोक्यावर गेलेलं असतं, औषध तुमच्याच तोंडावर येतं आणि खर्चही निघत नाही.

बाटली घ्यायचीच असेल तर घ्या, शे-सव्वाशेने कोणी बुडत नाही. पण दहा ओळींवर नुसतं पाणी मारा आणि मला दोन्हीकडचे आकडे कळवा.

प्रश्न : सिल्लोड तालुक्यातून लिहिते. आमच्या बचत गटात एका ताईंनी सांगितलं की आपल्याच शेतातल्या वीस अळ्या पकडून अल्कोहोलमध्ये भिजवायच्या, ते गाळून शंभरपट पातळ करायचं, जोराने हलवायचं, असं तीस वेळा. मग ते फवारलं की अळ्या येत नाहीत. काट्याने काटा काढायचा तसं. परदेशात यावर संशोधन झालंय असंही त्या म्हणाल्या. खरं आहे का? आम्ही दहा जणी करायला तयार आहोत.

उत्तर : ताई, संशोधन झालंय, हे खरं. ही अळी मूळची अमेरिका खंडातली, त्यामुळे तिच्यावरचे जुने प्रयोगही तिकडचेच. ब्राझीलमध्ये शेतीतल्या होमिओपॅथीला विद्यापीठांतून अभ्यासणारे लोक आहेत. २००३ साली तिथल्या मका-ज्वारीच्या संशोधन नियतकालिकात, शेतातल्या उभ्या मक्यावर होमिओपॅथिक द्रावणं फवारून याच अळीची संख्या मोजल्याचा निबंध छापून आला. प्रामाणिक लोकांनी प्रामाणिकपणे मोजलेलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण शेतातली अळी एकसारखी पसरलेली नसते. बांधाकडे जास्त, मधे कमी, खताच्या ढिगापाशी आणखी वेगळी. एखाद्या हंगामात एका द्रावणाच्या बाजूने आकडे झुकणं आणि दहा शेतांत दहा वेळा तेच दिसणं, यात फार अंतर आहे. ते अंतर कापलं गेलेलं मला दिसत नाही. आपल्या राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत हे नाही.

किडीचंच औषध किडीवर, ही कल्पनाही नवी नाही. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनरने १९२४ साली शेतीवर व्याख्यानं दिली, त्यांत कीड जाळून तिची राख शेतात टाकायला सांगितलं होतं. त्या व्याख्यानांतून निघालेल्या जैवगतिक शेतीचे लोक ते अजून करतात.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सोडवत नाही. दहा जणी अळ्या वेचायला तयार आहेत! मग तीस वेळा पातळ करत बसण्याऐवजी दुसरं काम करू.

शेतात फिरताना दोन प्रकारच्या मेलेल्या अळ्या दिसतील. एक, ताठ झालेली, खडूसारखी पांढरी, नंतर हिरवट पावडर धरलेली, पानाला चिकटून. ती वर लिहिलेल्या बुरशीने मेलेली. तिला हात लावू नका. तिथेच राहू द्या, तिच्यावरची पावडर वाऱ्याने शेजारच्या अळ्यांवर जाते. दुसरी, मऊ पडलेली, काळपट, पानावरून उलटी लोंबकळणारी, बोट लावलं की फुटून पाणी निघतं. ती विषाणूने मेलेली. हरभऱ्याच्या घाटेअळीवर आपण एचएएनपीव्ही मारतो ना, त्याच कुळातला विषाणू, फक्त या अळीपुरता.

अशा लोंबकळणाऱ्या अळ्या हातमोजे घालून वेचा, पाण्यात कुस्करा, फडक्याने गाळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी लागलेल्या पोंग्यांत फवारा. उन्हात विषाणू मरतो. हरभऱ्यावर फवारताना पाण्यात चिमूटभर नीळ टाकतात ती त्यासाठीच. अमेरिका खंडातले शेतकरी हे करत आलेत. याची खात्री कारखान्यात तयार झालेल्या औषधाइतकी नसते, कारण तुमच्या अळ्यांत विषाणू किती होता हे आपण मोजलेलं नसतं. पण इथे 'काट्याने काटा' खरंच आहे. काटा शिल्लक असतो, विरून गेलेला नसतो. जिवंत, धडधाकट अळ्या भिजवून मात्र काही मिळणार नाही, कारण त्यांच्यात विषाणूच नाही.

बाकी दहा जणींना एक काम कायमचं लावून द्या. सकाळी पानं उलटून अंडीपुंज चुरडायचे. शंभर-दोनशे अंडी एका ठिकाणी, वर करड्या केसांचं पांघरूण, मळक्या कापसाच्या बोळ्यासारखं. एक बोट दाबलं की दोनशे अळ्या गेल्या. अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं, त्यामुळे एक दिवसाआड फेरी हवी. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले की फेऱ्या कधी सुरू करायच्या ते पतंगच सांगतात.

प्रश्न : पाचोरा तालुका, आठ म्हशी. मुरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, मका केलाय. 'होमिओ' लिहिलेलं एक तयार द्रावण दुकानातून आणून मारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या मरून पडल्या. हा चारा म्हशींना चालेल ना? आणि अळीने चाळणी केलेला मका मुरघासाला चालतो का?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं 'दुसऱ्या दिवशी सकाळी' वाचून मी चष्मा पुसला. खरं होमिओपॅथीचं पाणी असतं तर चारा आजच घाला म्हणालो असतो. पण जे रात्रीत अळी मारतं, त्यात काहीतरी मारणारं असतं. 'टॉनिक', 'सेंद्रिय', 'होमिओ' अशा नावांखाली रासायनिक कीटकनाशक मिसळून विकण्याचे प्रकार होतात. नोकरीत असताना अशा एका बाटलीचा वास घेऊनच माझं डोकं चढलं होतं, आणि लेबलवर फक्त वनस्पतींची चित्रं होती. कीड मारतो असा दावा करून विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि टक्केवारी, विषाचा रंगीत त्रिकोण आणि काढणीपूर्व किती दिवस थांबायचं, हे बघा. नसेल तर बाटली आणि पावती घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा, नमुना तपासायला द्या, आणि निकाल येईपर्यंत तो चारा घालू नका. म्हशीने खाल्लं ते दुधात उतरतं.

चाळणी झालेली पानं मुरघासाला चालतात. कणीस मात्र सोलून बघा. अळीने टोक खाल्लं की तिथे पाणी आणि बुरशी शिरते. हिरवी-काळी बुरशी धरलेली कणसं बाजूला काढा, ते विषही दुधापर्यंत पोचतं. कापणी दाणा दुधाळ अवस्था सोडून घट्ट चिकाचा झाल्यावर.

प्रश्न : मी कृषी पदविकेचा विद्यार्थी, कऱ्हाड. ही अळी उसावर जाते का? आणि खोडकिड्यापेक्षा वेगळी कशी ओळखायची?

उत्तर : जाते. ज्वारीवरही जाते. २०१८ मध्ये ती मे महिन्यात कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी सोलापूरकडे आली, तेव्हा उसावरही दिसली होती. पण ओढा मक्याकडेच.

ओळख माझ्या चुकीतून शीक. त्याच वर्षीच्या रब्बीत एका शेतकऱ्याने मला पोंगे दाखवले. मी वरूनच बघून 'खोडकिडा' म्हणालो आणि पोंग्यात दाणेदार औषध टाकायला सांगितलं. पंधरा दिवसांनी त्याने मला शेतात उभं केलं आणि काही बोलला नाही. अळी हातात घेऊन डोकं बघितलं असतं तर चुकलो नसतो. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी पांढरट रेघ, आणि शेपटीच्या अलीकडच्या खंडावर चौकोनात बसवलेले चार काळे ठिपके. खोडकिड्याला हे नसतं. तो पानावर ओळीने बारीक भोकं पाडतो आणि खोडात शिरतो. भिंग लागत नाही, उजेड लागतो.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात सव्वीस वर्षं होमिओपॅथीची प्रॅक्टिस करतो. मागच्या एका अंकात आपण 'पाणीच ते' असा शेरा मारलात. प्रत्येक परिणाम रेणू मोजून ठरत नाही. माझे रुग्ण बरे होतात हे मी रोज बघतो. माझ्या स्वतःच्या शेतात मी मक्याला औषध देतो आणि मला फवारणी लागत नाही. आपण न बघता निकाल देता, हे शोभत नाही.

उत्तर : डॉक्टर, 'पाणीच ते' हे दोन शब्द उर्मट होते, मागे घेतो. वडील असते तर त्यांनीही कान धरला असता.

न बघता बोललो नाही, हे वरच्या पहिल्या उत्तरात आलंच आहे. तरी तुमच्या शास्त्राच्या आतूनच एक शंका विचारतो. होमिओपॅथीच्या जनकाने, हानेमानने, औषधं ठरवली ती निरोगी माणसांना देऊन, त्यांना काय वाटलं ते लिहून घेऊन. तुम्ही पेशंटला विचारता, तहान कशी, झोप कशी, राग येतो का, उजवीकडे दुखतं की डावीकडे. एकाच सर्दीला दोन माणसांना दोन औषधं देता, आणि तेच तुमच्या शास्त्राचं वैशिष्ट्य म्हणता. आता माझ्या मक्यात रोगी कोण? मका, की अळी? मका असेल तर तेहतीस हजार रोगी आणि सगळ्यांना एकच बाटली. अळी असेल तर तिला बरं करायचंय की मारायचंय? मला हे खरंच कळलेलं नाही. थट्टा म्हणून विचारत नाही. बरं, थोडी थट्टा आहे.

तुमच्या शेतात फवारणी लागत नाही यावर माझा विश्वास आहे. पण तुमच्याच पत्रात पुढे लिहिलंय की मक्यात तुम्ही उडीद घेता, बांधाला नेपियर गवत आहे, आणि दवाखान्याआधी रोज सकाळी शेतात एक चक्कर होते. यातल्या कशाला श्रेय द्यायचं? उडीद-तुरीच्या आंतरपिकात मित्रकीटक टिकतात, नेपियर सापळा पीक म्हणून शिफारशीत आहे, आणि रोज शेतात जाणाऱ्याच्या नजरेतून अंडीपुंज सुटत नाही. माझा अंदाज त्या सकाळच्या चकरेवर आहे. तुमचा बाटलीवर असेल.

मग ठरवूनच टाकू. दोन सारख्या बाटल्या पाठवा. एकीत तुम्ही निवडलेलं औषध, तुमच्या हाताने केलेलं, दुसरीत तेच अल्कोहोल आणि पाणी, औषधाशिवाय. वर फक्त 'अ' आणि 'ब' लिहा. कुठल्या बाटलीत काय, ते चिठ्ठीवर लिहून पाकीट चिकटवून संपादकांकडे द्या. मी ते पाकीट बघणार नाही, तुम्ही माझं शेत बघायचं नाही. रब्बीचा मका मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकतो. सोळा पट्ट्या पाडीन, कुठल्या पट्टीला अ आणि कुठल्या ब हे चिठ्ठ्या टाकून ठरवीन. फवारणीच्या वेळा आणि थेंब तुम्ही सांगाल तसे. मोजणी मी एकटा करणार नाही, वरच्या कऱ्हाडच्या मुलाला बोलावतो, त्याला शिकायला मिळेल. सगळे आकडे लिहून झाल्यावरच संपादक पाकीट उघडतील, आणि निघेल ते याच पानावर छापतील, माझ्या विरुद्ध निघालं तरी.

शेवटच्या मोजणीला तुम्हीही या. डिसेंबर असेल. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेतातलीच हिरवी मिरची, एवढी तयारी घरून झालेली आहे. बायको म्हणते, कॅलेंडर या वर्षीचंही तिच्याच ताब्यात राहील.